मुठीतली किल्ली

आमच्या मंडईत माझ्या गाळ्याशेजारी फुएन्सांताबाईचा मासळीचा गाळा आहे. बाई सदुसष्ट वर्षांची, एकटी. पहाटे चारला मासळीची गाडी उतरवायची, दोनला शटर ओढायचं आणि घरी खुर्चीत बसून गाळ्याची किल्ली मुठीत धरून झोपायचं. झोप गाढ झाली की मूठ सुटते, किल्ली फरशीवर खणकन पडते आणि बाई जागी होते. साडेपाचला गाळा पुन्हा उघडतो. एकेचाळीस वर्षं हेच चाललंय.

यंदा ऑगस्टात नव्या व्यवस्थापकाने ठराव आणला: गाळे दुपारीही उघडे ठेवायचे. हा माणूस उत्तरेकडचा, तिकडे दुपारी झोपायची रीत नाही. सभा ठेवली दुपारी चार वाजता, आणि जो येणार नाही त्याचा होकार धरणार म्हणे! असा संताप आला मला. गाळे पंधरा, विरोधात आठ हात हवेत, आणि चार वाजता अख्खं गाव घोरत असतं.

"दुपारची झोप गेली तर गाळा मला झेपायचा नाही," बाई म्हणाली. "चल, एकेकाला उठवू."

"अगं, या वेळी दार वाजवलं तर सख्खी बहीणही शिव्या घालेल!"

"घालू दे. शिव्या द्यायला जागं तर व्हावं लागेल."

रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पाववाल्या क्रिस्पिनने वरच्या सज्ज्यातून आमच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"गार आहे रे, अजून ओत," बाई ओरडली, "आणि खाली ये मुकाट्याने!"

सात दारं उघडलीच नाहीत. आम्ही दोघी आणि सपाता घालून आलेले सहा जण, बरोबर आठ.

व्यवस्थापकाने ठराव वाचायला अर्धा तास घेतला. वर पंखा फिरत होता. "विरोधात कोण?" म्हटल्यावर मी हात वर केला आणि मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत बाई झोपली होती, किल्ली मुठीत.

"सात," तो म्हणाला. "बाई झोपल्यात. त्यांचा होकार धरतो." त्याने पेन उघडलं.

मी हाक मारणार, तेवढ्यात खणकन आवाज झाला. बाईने डोळे उघडले, आमचे हात पाहिले आणि आपला हात ताठ वर केला.

"आठ," त्याला म्हणावंच लागलं.

बाईने वाकून किल्ली उचलली, घड्याळ पाहिलं.

"गाळा उघडायला अजून तास आहे," म्हणाली आणि झोपायला घरी गेली.