खाली घेतलीस?

रोहेकरकाका कुठूनही निघाले की पाच-सात पावलं जाऊन परत फिरायचे. दार ओढून बघायचे, गॅसकडे नजर टाकायचे, बसलेल्या खुर्चीखाली वाकायचे आणि मगच खरे निघायचे. बर्मिंगहॅमच्या एका अवजारांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासला होता, त्याचा हा परिणाम असं लोक म्हणत. काका म्हणत, "झालंय काय ते कोण पण सांगेल. राहिलंय काय ते बघायला माणूस लागतो."

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते श्रीकांत, माझा नवरा, गेल्यानंतर आठव्या दिवशी. श्रीकांत त्यांच्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होता. एव्हाना घरात येऊन गेलेल्या प्रत्येकानं मला 'रडून घे' असं सांगितलं होतं. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. मी चहा करत होते, कप विसळत होते, आणि लोक माझ्या धीराचं कौतुक करत होते. काकांनी कौतुक केलं नाही. चहा संपवला, गेले, परत आले, खुर्चीखाली बघितलं आणि म्हणाले, "मंगळवारी संध्याकाळी काय करतेस?"

"काही नाही."

"मग चर्चवर ये. सात वाजता. सपाट चपला घाल."

काका बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. आजोबांचा रोह्याकडे तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. नातू मात्र दर मंगळवारी आणि रविवारी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायचा आणि वर्षातून एकदा मित्रमंडळींबरोबर शनिवार-रविवार गावोगावची चर्चं पालथी घालायचा. हे कसं जमलं, असं विचारलं तर सांगायचे, "समोर खोली घेतली होती. आवाजाची तक्रार करायला वर गेलो. त्यांनी हातात दोरी दिली. दोरी हातात असली की माणसाला तक्रार करता येत नाही." आणि देवाचं काय? "देव कोणाचा पण असो, वजन आपल्यालाच ओढायचंय."

इंग्लंडात घंटा नुसती हलवत नाहीत. ती दोरीनं झोके देत देत पार उलटी करतात, तोंड आभाळाकडे. एका लाकडी टेक्यावर ती तशी तोलून उभी राहते, आणि मग प्रत्येक ओढीला पूर्ण गिरकी घेते. वाजवून झालं की हळूहळू झोके कमी करत तिला परत खाली आणायची, तोंड जमिनीकडे. हे राहिलं तर वर काही मण धातू डोक्यावर उभा असतो आणि खाली एक निरुपद्रवी दोरी लोंबत असते. कोणी सहज ओढली की घंटा सुटते आणि दोरी माणसाला उचलून नेते. म्हणून शेवटी काका प्रत्येकाला विचारायचे. इंग्रजांना इंग्रजीत, मला मराठीत: "खाली घेतलीस?"

मला ते काम आवडलं असं म्हणवत नाही. त्या दिवसांत आवडण्यासारखं काही नव्हतं. पण सहा दोऱ्यांवर लक्ष ठेवून आपली पाळी मोजताना डोक्यात दुसरं काही मावत नाही. कोणती घंटा कितवी वाजायची त्या आकड्यांच्या ओळी काका मला पाढ्यांच्या सुरात पाठ करायला लावायचे, बे एके बे करावं तशा. आमच्या घंटा वाजवणाऱ्यांची कॅप्टन जॅनेट, पोस्टातली मोठ्या अंगाची बाई, तो सूर ऐकून हसायची. "ऑलराइट, बॅब?" असं ती दर वेळी मला विचारायची. बॅब म्हणजे बाळा, आणि बर्मिंगहॅममध्ये हे नमस्कारासारखं असतं. उत्तर फक्त 'ऑलराइट'. मला ते फार सोयीचं होतं. मी तेव्हा सगळ्यालाच हो म्हणत होते. जेवलीस? हो. झोप लागते? हो. आईचा मुंबईहून फोन आला, बरी आहेस ना? हो.

सात महिन्यांनी, मे महिन्यात, वेल्सच्या सीमेकडे सहल निघाली. मिनीबस, आठ माणसं, एका दिवसात चार चर्चं. चौथं, शेवटचं चर्च एका टेकडीवर होतं. तिथं मनोऱ्यात चढायचं नव्हतं, दोऱ्या खालीच, दारातून आत आलं की समोर. मी सर्वात हलक्या घंटेवर होते. वाजवून झाल्यावर सगळ्यांनी एकेक करून घंटा खाली आणायला सुरुवात केली. माझी एरवी मी काकांच्या मदतीनं आणायचे. मला ते अजून नीट जमत नव्हतं. पण तेवढ्यात चर्चचे व्यवस्थापक काकांना नोंदवही दाखवायला घेऊन गेले. मी दोरी धरून उभी राहिले. मग बाकीच्यांनी दोऱ्या गुंडाळून खुंटीला लावल्या, तशी मीही लावली. दारातून काकांनी विचारलं, "वसुधा, खाली घेतलीस?"

"हो," मी म्हणाले.

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. विचारलं, म्हणून हो म्हटलं.

मुक्कामाच्या गेस्ट हाउसवर संध्याकाळी सहाला चहा आला. कप उचलताना लक्षात आलं की माझे दंड दुखत नाहीयेत. घंटा खाली आणली की ते तासभर तरी दुखतात. चौथ्या चर्चचे व्यवस्थापक म्हणाले होते की उद्या सकाळी बारसं आहे, पन्नास माणसं येणार. मी चहा पीत राहिले. एक कप पूर्ण प्याले. आपण कोणाला तरी मारून ठेवलं असेल, हा विचार डोक्यात स्वच्छ उभा होता आणि मला भीतीसुद्धा वाटत नव्हती. आज त्या चहाची मला लाज वाटते. चुकीपेक्षा जास्त.

मग मी सांगितलं. काकांनी हातातला कप खाली ठेवला. जॅनेटकडून मिनीबसची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल." त्या संध्याकाळी ते परत फिरून खुर्चीखाली बघायला आले नाहीत. चाळीस मिनिटं गाडी चालवून आम्ही टेकडीवर पोहोचलो.

चर्च उघडंच होतं. आत एक वयस्क बाई बारशासाठी फुलं लावत होत्या. फुलांचा लोखंडी स्टँड त्यांना नेमका त्या कोपऱ्यात हवा होता. खुंटीवरची दोरी त्यांनी काढली होती, एक वेढा मनगटावर होता, आणि ती बाजूला सारायला त्या जागा शोधत होत्या.

"मॅडम," काका अगदी हळू म्हणाले, "प्लीज, डोन्ट मूव्ह. नॉट द हँड. थँक्यू."

बाई हसल्या, पण थांबल्या. काकांनी जवळ जाऊन मनगटावरचा वेढा बांगडी उतरवावी तसा उतरवला. दोरी आपल्या हातात घेतली आणि घंटा खाली आणली. त्या बाईंना काय टळलं ते कळलं नाही. "लव्हली साउंड," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन काका कट्ट्यावर बसले. त्यांनी रुमाल काढून तळवे पुसले. माझे कोरडे होते.

"विसरलीस त्याचं काही नाही गो," ते म्हणाले. "विसरायला माणूसच लागतो. पण तू हो म्हणालीस. हो हे बघून म्हणायचं असतं. माझ्या फॅक्टरीत न बघता ओके मारणारा माणूस मी एक दिवस ठेवला नसता."

"मग मी सोडते," मी म्हणाले.

"सोडायचं मी बोललो? मी विचारतो त्याचं उत्तर दे. झोप लागते?"

खरंच बघावं लागलं. "नाही," मी म्हणाले.

"जेवतेस?"

"नाही."

"बरं," काका म्हणाले. समजूत घातली नाही. गाडीकडे गेले, अर्ध्यातून परतले, चर्चचं दार ओढून बघितलं. वाटेत एका दुकानासमोर थांबून मासा आणि चिप्स आणले आणि मी संपवेपर्यंत गाडी सुरू केली नाही. मला चव लागली नाही. पण मी संपवले.

त्यानंतर आठ वर्षं आम्ही एकत्र घंटा वाजवल्या. मी माझी स्वतः खाली आणायला शिकले. तरी ते विचारायचे आणि मी वर बघून, दोरीचा ताण चाचपून मगच उत्तर द्यायचे. हॉस्पिटलात शेवटी त्यांचा आवाज गेला होता. मी निघाले की ते बोटानं पलंगाखाली दाखवायचे आणि मी वाकून बघायचे. काही राहिलेलं नसायचं.

ते गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांना ज्यू दफनभूमीत मूठमाती दिली. लंडनजवळच्या इल्फर्डहून त्यांचा पुतण्या आला होता. जॅनेटनं त्याला भीतभीतच विचारलं, आम्ही चर्चमध्ये घंटा वाजवल्या तर चालेल का? तो माझ्याकडे वळून त्याच्या मराठीत म्हणाला, "हो आंटी, प्लीज. अंकलला तो घंटा खूप आवडायचा."

कोणी गेलं की घंटेच्या लोलकाला एका बाजूनं चामडं बांधतात. एक ठोका स्वच्छ पडतो, पुढचा दबका, लांबून आल्यासारखा. अर्धा तास आम्ही तशा वाजवल्या. मी त्यांच्या दोरीवर होते, पाचव्या. मोजत राहिले, चुकले नाही. मग सगळ्यांनी घंटा खाली घेतल्या आणि चामडी सोडायला मी शिडी चढून वर गेले. सहाही घंटांची तोंडं जमिनीकडे होती. चामडी सोडून मी उतरले, चार पायऱ्यांवर थांबले, परत चढले आणि पुन्हा सहाही बघितल्या.

खाली आले तेव्हा बाकीचे गेले होते. जॅनेट एकटीच पाचवी दोरी गुंडाळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "ऑलराइट, बॅब?"

या शहरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं.

"नो," मी म्हणाले.

जॅनेटनं दोरी खाली ठेवली.