ज्ञानबा जंतू राखतो

आखाडा बाळापूरच्या माळावर मेंढरं ज्ञानबाइतकी सुबक कुणी कातरत नाही. हे मला ज्ञानबानंच सांगितलं.

मग त्याची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना, कातर हातातून निसटे. त्याचा पोरगा शिवहार म्हणाला, "बा, दिवाळीपर्यंत कातर धरता आली न्हाई, तर मेंढरं व्यापाऱ्याला."

ज्ञानबा डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं संधिवाताच्या गोळ्या दिल्या आणि बोलता बोलता सांगितलं, या दुखण्याचा पोटातल्या जंतूंशी संबंध असावा, शोध चालू आहे.

"मंग मेंढरांचं जंताचं औषध हाये की घरात. दोन झाकणं मारू का?"

डॉक्टर खुर्चीतून उठलाच. "अहो, नाही! जंत वेगळे, जंतू वेगळे. चांगले जंतू तर राखायचे असतात!"

राखायचे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या माणसाला एवढा एक शब्द पुरला.

त्या दिवसापासून ज्ञानबाचे दोन कळप झाले. जेवण झालं की तो हलायचा नाही, "चरून राहिले" म्हणायचा. बाजाराला जाताना जीप खड्ड्यात आदळली की पोटावर हात ठेवून, मेंढरांना करतात तसं "हुर्र, हुर्र" करायचा. मी विचारलं, "काका, किती असतील?"

"मोजू न्हाई, लेका. दिष्ट लागती."

गोळ्यांना मात्र तो हात लावेना. "कळपात इख कालवू व्हय?"

त्याची बायको चंद्रभागाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "इख काहून? राखणीचं कुत्रं हाये ते. लांडगा आल्यावर तुमी भुंकणार का?"

हे मात्र त्याला बरोबर पटलं. गिळण्याआधी तो गोळीला कुत्र्यासारखं चुचकारू लागला.

सूज उतरली, पुरती नाही. दिवाळीत व्यापारी यायचा त्या सकाळी ज्ञानबानं दोन्ही हातांनी कातर धरली आणि दिसेल ते मेंढरू कातरलं. एकाच्या पाठीवर शेंडी राहिली, एकाची नुसती डावी बाजू कातरली गेली. एक तर शेतात विसरलेल्या गादीसारखं दिसत होतं.

व्यापारी आला, बघतच राहिला. "रोग कोणता म्हणायचा हा?"

"रोग न्हाई. कातरलेत," ज्ञानबा छाती काढून म्हणाला.

व्यापाऱ्यानं खाली न उतरताच गाडी वळवली.

शिवहार म्हणाला, "धरली बा तुमी कातर. आता न्हाई इकत. इकायचं म्हटलं तरी घेतंय कोण?"