दिग्रसचा म्हातारा कडुलिंब

मंडळी, आज माझ्या क्लासमध्ये इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेचा सराव होता. प्रणालीला म्हटलं, तुझ्या दिग्रसबद्दल सांग.

"माय टाऊन इज व्हेरी नाइस." सगळ्यांचंच गाव मेलं व्हेरी नाइस!

वैतागून म्हटलं, "बरं, मराठीत सांग."

"मॅडम, जिनिंग मिल सुरू झाली का कापूस उडून आमच्या कडुलिंबावर बसते. आई म्हणते, पाह्य, झाड म्हातारं झालं."

"हेच इंग्रजीत सांग."

अडखळत ती म्हणाली, "इन विंटर, अवर नीम ट्री गेट्स ओल्ड." सगळा वर्ग तिच्याकडे वळून पाहू लागला.

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"ते तर घरचं आहे न, मॅडम. परीक्षेत घरचं सांगतात काय?"

तुम्हीच सांगा, हे तिला कोणी शिकवलं असेल?