चाकाला बांधलेलं फडकं

अल्माबाई रुस्ताद यांनी आमच्या नॉर्डबी गावातल्या एकाही घरचा आजोबा सोडला नाही. चाळीस वर्षं त्यांनी आम्हाला शिकवलं. निवृत्त झाल्यावर, नॉर्वेहून समुद्र ओलांडून आलेल्या आणि इथल्या माळरानावर पहिल्यांदा नांगर धरणाऱ्या पूर्वजांची गमतीदार चित्रं त्यांनी काढायला घेतली. मातीचं छप्पर गळतंय आणि बाई चुलीवर छत्री धरून उभी आहे. बैल छपरावर चढून तिथलं गवत खातोय. लोक आपापला पूर्वज ओळखत आणि हसत.

गावाच्या शताब्दीला या चित्रांचं पुस्तक निघणार होतं. मी साहित्याची पदवी घेऊन नुकताच परतलो होतो. पुस्तकाचे जुने कागद नीट लावायला बाईंनी मला बोलावलं.

शेवटचं चित्र चर्चचं होतं. आमचं चर्च गावात नाही, अर्ध्या मैलावर गुंडरसनांच्या गव्हाच्या शेतात आहे. त्या काळी बैलगाडीच्या चाकाला फडकं बांधायचे आणि फेरे मोजत जमीन मापायचे. फेरे मोजता मोजता ओले गुंडरसन नावाच्या शेतकऱ्याला झोप लागली, गाडी पुढे गेली, चर्च तिथे झालं. शंभर वर्षं हेच सांगतात. त्याचा नातू हॅरल्ड दुकानात अंडी घ्यायला आला, तरी कुणीतरी म्हणतं, "डझन आम्ही मोजू, तू राहू दे." प्रार्थना संपली की सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला उतरतात. गुंडरसन घरी जातात.

बाईंच्या कागदांच्या पेटीत मला त्या काळच्या पाद्रीबुवांची वही सापडली. तीत होतं, फेरे मोजत होता निल्स रुस्ताद, आणि झोपलाही तोच. ओले नुसता बैल हाकत होता. खाली पाद्रीबुवांनी लिहिलं होतं, ‘ओलेला कोणी विचारलं नाही, म्हणून तो बोलला नाही.’

निल्स म्हणजे बाईंचे आजोबा.

मी वही मिटली. "बाई, हे कुणालाच माहीत नाही. राहू द्या."

"सगळ्यांचे आजोबा मी छपरावर चढवले," बाई म्हणाल्या. "माझा काय आभाळातून पडला?"

त्यांनी ओले झोपलेला दाखवणारं तयार चित्र फाडलं. नव्या चित्रात निल्स तोंड उघडं टाकून झोपला होता. ओले मागे वळून त्याच्याकडे बघत होता, ओठ घट्ट मिटून.

छापायला देण्याआधी बाई हॅरल्डकडे गेल्या. मी सोबत होतो. त्याने वही वाचली, मग चित्र खिडकीपाशी नेलं. बराच वेळ पाहिलं.

"हे छापायलाच हवं असं नाही, अल्मा."

"छापणार."

"बरं." त्याने चित्रावर बोट ठेवलं. "ओलेचे कान मोठे होते. एवढे नव्हते."

तो गाईंकडे निघून गेला. घरी येऊन बाईंनी कान लहान केले.

पुस्तक आलं त्या रविवारी हॅरल्ड जिना उतरून तळघरात आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याने कॉफीची किटली उचलली आणि सरळ बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"कितवा कप, अल्मा? तू मोजतेस की मी मोजू?"

बाईंनी कप पुढे केला. सगळ्यांत आधी त्याच हसल्या. हॅरल्डने कप भरला, शेजारची खुर्ची ओढली आणि बसला.