सिग्नल नसलेल्या रस्त्यावरचा हिरवा

सातपूरची ती घटना आजही आठवते. पोलिसातल्या अख्ख्या नोकरीत साक्षीदारांनी मला एवढं कधी दमवलं नाही. साक्षीदार चार-पाच वर्षांचे, अंगणवाडीतले.

अंगणवाडी सुटताना एका पोराला गाडीने उडवलं. पाय मोडला, गाडी पसार. अज्ञात चालकावर गुन्हा नोंदवला. पण पोराची आई ठाण्यातून हलेना. "अंगणवाडीच्या ताईंचंही नाव घाला, साहेब. हात सोडला म्हणूनच झालं ना!" नाव घातलं असतं तर ताईंची नोकरी गेलीच होती.

दवाखान्यात पोरगं एकच म्हणे, "हिरवा होता."

त्या रस्त्यावर सिग्नलच नाही. हवालदार म्हणाले, "साहेब, सिग्नल चोरीला गेल्याचा पण गुन्हा घ्यायचा का?"

टपरीवाल्याकडून खबर लागली, पांढरा टेम्पो पळताना दिसला. ताई दुसऱ्या पोरांकडे वळल्या होत्या, त्यांनी गाडी पाहिलीच नव्हती. एमआयडीसीत पांढरा टेम्पो शोधणं म्हणजे शाळेत पांढरा शर्ट शोधणं. चालक बोलावले, दरडावलं, वाकून वाकून पुढचे बंपर बघितले. कंबर गेली, हाती काही नाही.

शेवटी अंगणवाडीत गेलो. वर्दी बघून पोरं चिडीचूप. मग मी नकला सुरू केल्या. बुलेट, एसटी, आमच्या मोठ्या साहेबांचा खोकला. पोरं खिदळली. म्हणाली, "काका, सिग्नल-सिग्नल खेळू!" ताईंचाच खेळ. फरशीवर खडूचे पट्टे. मोबाईलवर गाणं लागलं की हिरवा, चालायचं. बंद झालं की लाल, स्टॅच्यू.

"आता टेम्पो करा," एक चिमुरडी म्हणाली.

टेम्पो रिव्हर्स घेताना आरतीची चाल वाजते, ती मी तोंडाने काढली. सगळी पोरं पट्टे ओलांडायला लागली. मी थांबलो. पोरंही स्टॅच्यू.

"त्या दिवशी असंच वाजलं?"

"हो. मग त्याने ताईंचा हात सोडवला अन् गेला. हिरवा झाला ना!"

टेम्पो मागे येत होता, आणि आम्ही पुढचे बंपर बघत होतो. मागचे बंपर बघायला लागलो तसा सापडला. चालक म्हणे, "साहेब, गाणं वाजत होतं की! लोक बाजूला होतात."

"मग पळालास कशाला?"

ठाण्यात ताई रडल्या. "चूक माझीच. मीच शिकवलं." आई म्हणाली, "नाव नको, साहेब. ह्यांचं ऐकतो तरी. माझं कुठं ऐकतो?"

ताईंनी खेळ बदलला. रस्त्यावर काहीही वाजलं की स्टॅच्यू. टेम्पो मीच झालो, उलटा चालत. कंबर परत गेली. पोरं ऐकत नाहीत ही तक्रार मी जन्मभर ऐकली. ऐकतात हो, तंतोतंत ऐकतात. म्हणून तर आपण काय शिकवतो ते आधी तपासावं लागतं.

आता रिटायर झालोय. गल्लीत पाण्याचा टँकर गाणं वाजवत रिव्हर्स आला की मी पिशवी धरून जागीच उभा राहतो. बायको पुढून ओरडते, "अहो, चला की!"

गाणं थांबल्याशिवाय मी हलत नाही.