हॉलच्या कोपऱ्यातला पीसी

दादरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात भेटलेल्या त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ते सल्ला द्यायला घरीच आले असते.

माझी लेक आतल्या खोलीचं दार लावून लॅपटॉपवर गेम खेळते आणि फक्त जेवायला बाहेर येते. तिने निदान आमच्यासमोर बसावं म्हणून हॉलच्या कोपऱ्यात मावेल असा लहानसा गेमिंग पीसी जुळवायचा, हा माझा बेत. यूट्यूब बघून डोळे चुरचुरेपर्यंत अभ्यास करून मी पीसीचा एक चिमुकला डबा, म्हणजे कॅबिनेट, निवडला, तर शेजारी उभे असलेले हे गिऱ्हाईक नारळ घेताना वाजवावा तसा तो वाजवून बघू लागले.

"घरी गणपती येतो?"

"येतो. लालबागचे आहोत."

"बसतो कुठे?"

"त्याच कोपऱ्यात," मी वैतागून म्हणालो. "म्हणून तर छोटा घेतोय. तेवढे दिवस उचलून आतल्या खोलीत."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आमचा पीसीपण तेवढ्याच दिवसांसाठी आत ठेवला होता. विसर्जन झालं, पण तो काय बाहेर आला नाही. मुलगापण नाही."

एवढं बोलून ते पुढचा कॅबिनेट वाजवू लागले. असा राग आला मला!  पण शेवटी दुकानदाराला म्हटलं, "दोघांनाही उचलता येणार नाही असा दाखवा."

आता कोपऱ्यात ते धूड बसलंय आणि लेक त्याच्यासमोर. गणपतीत सोफा बाहेर जाईल, एवढंच बायकोला सांगायचं राहिलंय.