चिकाचे हात

त्या मे महिन्यातल्या दुपारी मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी मागच्या पडवीत तळायच्या गऱ्यांसाठी फणस सोलत बसलो होतो. चीक लागू नये म्हणून हातांना खोबरेल, पोफळींतून गळणारं ऊन, आणि समुद्राकडून येणारा असा वारा, की डोळ्यांवर झापड यावी. आपण जागे आहोत की नाही, तेही कळत नव्हतं.

परीक्षेआधी तिच्या शाळेत पालकांसाठी मोबाइलच्या धोक्यांवर भाषण झालं होतं. मुलांशी कसं बोलायचं ते मी घोकूनच ठेवलं होतं. पण तोंड उघडलं की माझी फौजदारकी सुरू होई आणि ती उठून आत जाई.

मध्ये ठेवलेला तिचा फोन सारखा उजळत होता. दर वेळी तिचा हात थांबायचा.

"कोण गो एवढं घाईत?"

"कोण नाय."

चेहरा मात्र पांढराफटक. जरा मान वाकवली असती तर मला सगळं वाचता आलं असतं. खोटं कशाला बोलू, मान शिवशिवत होती. मी शेजारची रिकामी परात उचलली आणि फोनवर पालथी घातली. आत तो भुंग्यासारखा घुमत राहिला. आम्ही गरे काढत राहिलो. ऊन पायरीवरून अंगणात उतरलं.

"आई, ओरडशील?"

"ओरडेन. पण तुझ्यावर नाय."

मग तिने सांगितलं. गेममध्ये भेटलेली मैत्रीण मैत्रीण नव्हतीच. एक फोटो पाठवून झाला होता. आता आणखी हवे होते, नाहीतर पहिला जहाजावर नोकरीला असलेल्या तिच्या बाबांना पाठवीन म्हणे. त्या मेल्याचा गळा धरावासा वाटला.

"उत्तर द्यायचं नाय, काही पुसायचंही नाय. संध्याकाळी दोघी पोलिसांकडे जाऊ. आणि बाबांना आधी आपणच सांगू. चूक त्याची आहे, तुझी नाय."

तिने कोपराने डोळे पुसले, परात बाजूला केली. पण चिकाने माखलेलं बोट फोन काही ओळखेना. तेव्हा तिने उघडायचा आकडा मोठ्याने सांगितला.

"तू उघड."

पोलिसांकडे जाऊन आल्यावर त्या माणसाचा मेसेज पुन्हा आला नाही. आकडा मला अजून पाठ आहे. फोन कितीदा तरी ओट्यावर एकटा पडलेला असतो, आणि माझी मान अजूनही शिवशिवते. तिने आकडा बदललाय की नाही, हे मात्र मी कधी पाहिलेलं नाही.